हालामाटात माणसं किती

तीर्थरूप दादा आणि वहिनी,

धाकट्या इकिपाचा नमस्कार. प्रभूच्या दयेने इथे सगळे बरे आहेत, म्हणजे जे आहेत ते. दादांचे गुडघे, वहिनींची साखर आणि ऑकलंडची थंडी या तिन्हींसाठी मी रोज संध्याकाळी प्रार्थना करतो. थंडीच्या बाबतीत अजून गुण आलेला दिसत नाही.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी मी प्रार्थना आटोपून शेतावर गेलो आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत वावरातला अळूचा शेवटचा कंद उपटून मोकळा झालो. जून, कोवळे, पुढच्या वर्षी खायचे, सगळेच. शेजारच्या वावरात हाफे तेच करत होता. (हा तुमच्या वर्गातला. आता त्याला एकच दात उरलाय आणि तो दाखवायला म्हणून तो फार हसतो. त्या दिवशी मात्र हसला नाही.) आम्हाला वेड लागलं होतं असं नाही. आम्ही माणसं मोजली होती, त्याचं हे फळ.

झालं असं, की चर्चच्या मोठ्या कचेरीतून निरोप आला. निउए बेटावरची गावं ओस पडत चालली आहेत, प्रत्येक गावाला वेगळा पास्टर देणं जमणार नाही, तरी आपापली माणसं कळवा. कमी भरली, तर आपले पास्टर शेजारच्या तुकुलोआ गावाला जातील आणि आपण दर रविवारी उपासनेला तिकडे जायचं. तुकुलोआला, दादा! तिथले लोक एक गीत इतकं ओढतात, की तेवढ्यात घरी भट्टीत पुरलेलं डुक्कर करपतं. आणि हालामाटाची घंटा, जी आपल्या आजोबांनीही वाजवली, ती मग कोणासाठी वाजवायची?

मी चर्चचा डीकन, म्हणून मोजणी माझ्याकडे आली. पहिलं घर मोकामावशीचं. म्हणाली, "लिही, अकरा."

मी म्हटलं, "मावशी, दहा जण ऑकलंडला आहेत."

"मग? मेलेत का?"

"नाही, पण..."

"आणि मेल्यावर पुरायला कुठे आणणार त्यांना? माझ्याच दारात ना? मग लिही गुमान."

मी अकरा लिहिले. आपल्याकडे माणूस गेला म्हणजे विमानात बसला, एवढंच. त्याला गावातून वजा करायची रीत नाही. हाफेने तर सिडनीतल्या सुनेला होऊ घातलेली जुळी नातवंडंही धरली. तुमच्या घरचे सात मीही धरले. (देव आपली लेकरं मोजताना कोण कुठल्या गावी झोपलंय हे विचारत नसावा, अशी मी मनाची समजूत घातली.) बेरीज दोनशेच्या वर गेली. चुली पेटतात त्या घरांतले आम्ही एकोणीस.

कचेरी इतकी खूश झाली, की तिने यंदाचा बेटभराचा मेळावा आपल्याकडेच दिला. आणि मेळाव्याचं जेवण यजमान गावाचं, गावातल्या डोईमागे एक टोपली. म्हणून तो गुरुवार. मोकामावशीने अकराही टोपल्या एकटीने विणल्या आणि दर टोपलीला एकेका नातवाचं नाव घेऊन शिवी दिली.

मेळाव्याला आलेले वडीलधारे पास्टर पोटभर जेवले, मग इकडेतिकडे पाहत म्हणाले, गावकरी कुठे दिसत नाहीत. मावशी म्हणाली, जेवण पुरलं ना, मग माणसं कशाला मोजता. ते हसले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "इकिपा, तुझ्या रविवारच्या शाळेत एकच मूल आहे, आणि तेही तुमच्या पास्टरांचं. ते गेले की तेही जाईल. मुलांच्या रविवारी पांढऱ्या कपड्यांत बायबलची वचनं म्हणायला इथली पाच मुलं उभी कर. पास्टर राहतील."

मग मी ऑकलंडला सगळ्यांना फोन केले. सगळे रडले. भाच्याने गावाच्या आठवणीचं गाणं रचून पाठवलं, चाल चांगली आहे. मूल कोणी पाठवलं नाही. तुम्ही म्हणालात, निवृत्त झालो की लगेच येतो. (निवृत्त होऊन तुम्हाला चार वर्षं झाली, असं वहिनी म्हणाल्या.)

तेवढ्यात अपिनेलु भेटला. हा तुवालू बेटांवरून आलेला मासेमार. तुकुलोआत एका दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत बायको आणि पाच मुलांसह राहतो. मला म्हणाला, "काका, आमच्या बेटावर माणसं आहेत, पायाखालची जमीन समुद्रात चाललीय. तुमच्याकडे जमीन जागच्या जागी आहे, माणसं चाललीत. देवाने वाटप करताना जरा घाई केली वाटतं." मी डीकन असल्याने हसलो नाही, पण विचारात पडलो. तुमचं बंद घर त्याला राहायला द्यायचं का असं तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, सगळ्या भावंडांना विचार. भावंडं म्हणाली, दादांना विचार. वेलिंग्टनहून ताई म्हणाली, परक्याची पोरं दारातल्या आईच्या कबरीवर खेळतील. यावर मी बरेच दिवस विचार केला. आई होती तेव्हा गावातली सगळी पोरं तिच्या अंगावरच खेळायची. तिने कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

मुलांचा रविवार परवाच आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद (इथून पाठवण्यासारखं सध्या तेवढंच शिल्लक आहे, कंद संपले).

तुमचा,
इकिपा

ता. क. नाताळला याल तेव्हा चार ते तेरा वयाच्या पाच मुलांसाठी पांढरे कपडे आणा. या खेपेला माझे सदरे कापून भागवलं आहे.

ता. क. दुसरं. तुम्ही दोघं आमच्याकडेच उतरायचं. वहिनींना खाट आहे, दादांना चटई.

ता. क. तिसरं. काल दुपारी मी आईच्या कबरीपाशी गुडघे टेकून तिला सगळं सांगितलं आणि मग हातोडीने तुमच्या घराचं कुलूप तोडलं. अपिनेलुची माणसं रात्री आत झोपली.