लिस्टवर लिहिलेली सुट्टी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुमच्याच खुर्चीत बसून एका पोरीवर ओरडले. इन्चार्ज झाल्यापासून ड्युटी लिस्ट मीच करते. नवीन आलेल्या सिस्टरला म्हटलं, या रविवारची तुझी सुट्टी सोमवारी घे, मला माणूस कमी पडतंय. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, सुट्टी लिस्टवर आलीय. मी नाही बदलणार." माझं डोकंच फिरलं. कशासाठी हवी ते तरी सांगशील, म्हटलं. तर म्हणते कशी, "हक्काची आहे म्हणून हवी." मी तिला चार शब्द सुनावले, ती निघून गेली आणि मग माझ्या लक्षात आलं, अगं बाई, हे वाक्य तर तुमचं. तेव्हापासून कशात जीव लागत नाही, म्हणून घरी आल्याबरोबर हे लिहायला बसलेय.

मुळशीतल्या या सरकारी दवाखान्यात मी रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला समोर बसवून सांगितलं होतं. "कॅलेंडरातली लाल तारीख आपल्याला न्हाई. दिवाळी असू दे न्हाईतर पंधरा ऑगस्ट, बाळंतीण काय तारीख बघून येती व्हय? पण त्या दिवशी काम केलंस की बदली सुट्टी मागून घ्यायची, लाजायचं न्हाई. आन् लिस्टवर आली की सुट्टी तुजी. डॉक्टर मागू दे न्हाईतर कलेक्टर, कारण सांगायचं न्हाई." लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंतच्या ड्युट्या मात्र तुम्ही स्वतःच्या नावावर ओढायचात, आम्हाला माहेरी पाठवायचात, आणि त्याच्या बदल्यात ईदच्या दिवशी आमच्यापैकी एकीनं तुमच्या जागी उभं राहायचं. कुठल्याही जीआरमध्ये न लिहिलेला हा कायदा आपल्या दवाखान्यात सगळ्या पाळत होत्या. माझी पाळी आली आणि मी मोडला.

त्या वर्षी तुमचा मुलगा आखातातून आला होता. ईद करून दुसऱ्या दिवशी रात्री त्याला मुंबईला विमान गाठायचं होतं, आणि हे तुम्ही महिनाभर आम्हाला सांगत होतात. कॅलेंडर बघून तुम्ही लिस्टवर ईदची सुट्टी लिहिलीत, त्या दिवशी तुमच्या जागी मी. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी, सकाळपाळी तुमची. आणि चाँद दिसलाच नाही. ईद एक दिवस पुढं गेली, नेमकी विमानाच्या दिवसावर. तुम्ही दिवेलागणीला माझ्या क्वार्टरच्या दारात उभ्या राहिलात, पायात घरातल्याच चपला. "उद्या मी जाती ड्युटीला, तू परवा जा. तुजी सुट्टी उद्या होईल, जाणार कुटं न्हाई." एवढंच मागत होतात. एक दिवस इकडचा तिकडं! दुसरी कुणी नव्हती. एक बाळंतपणाच्या रजेवर, एक रात्रपाळीला, एक दुपारपाळीला. आणि मी म्हटलं, "बाई, परवा मला बघायला पाहुणे येणार आहेत."

तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंत आणि लगेच हसलात. "मग कशाला बदलतीस? लिस्टवर हाय ती तुजी हाय. चांगली साडी नेस." इन्चार्ज होतात, हुकूम सोडला असता तर मला जावंच लागलं असतं. नाही सोडलात.

मला राग होता, बाई. चार दिवसांपूर्वी इंजेक्शनचा ट्रे नीट झाकला नाही म्हणून तुम्ही मला सगळ्या पेशंटच्या देखत झापलं होतंत, "लई शहाणी हायेस, पण हात आळशी हायेत" असं. ते मी धरून बसले होते. काय तो राग आणि काय ते निमित्त! चूक तर माझीच होती.

ईदच्या दिवशी दुपारी ताम्हिणीकडून एक बाळंतीण जीपमधून आली. दोन वाजता तुमची पाळी संपली, दुसरी सिस्टर आली ती वॉर्डात अडकली, त्यात बाळ आडवं होतं आणि पुण्याला न्यायची गाडी येईना. तुम्ही तिचा हात सोडून निघाला नाहीत. मुलगा निरोप घ्यायला दवाखान्यात आला आणि तुम्ही आत होतात. तो थांबला थोडा वेळ, मग गेला. तुम्ही बाहेर आलात तेव्हा बाकावर मिठाईचा पुडा होता, मुलगा नव्हता. त्यानंतर तो ईदला आला तो तुम्ही गेल्यावरच.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा आणता. डोळे सुजलेले, आणि विचारता काय, तर "पाहुणे काय म्हणाले गं?" मी म्हणते, नकार आला. झालं! तुम्ही पदर खोचलात आणि माझ्यासाठी स्थळं बघायला लागलात. वर्षाच्या आत भरे गावातलं स्थळ तुम्हीच आणलंत. ते स्थळ आत्ता समोर बसून टीव्ही बघतंय आणि मघापासून दोनदा विचारून झालंय, एवढं काय लिहितेयस. लिस्ट, म्हटलं.

उद्या त्या पोरीची माफी मागणार आहे. ते सोपं आहे. तुमची मागायची राहिली ती राहिलीच, आणि हा कागद मी टाकणार तरी कुठल्या पेटीत.

तर ऐका. पाहुणे येणार नव्हते, हे तुम्हाला बहुधा कळलं असावं. पण पुढचं नाही. त्या दुपारी मी क्वार्टरमध्ये कडी लावून लोळत पडले होते. दार वाजलं. "सिस्टर, आईच्या जागी पाच मिनिटं येता का? मला निघायचंय." तुमचा मुलगा होता. दार उघडलं असतं तर पाहुणे नाहीत हे त्याला दिसलं असतं. मी पाय पोटाशी घेतले आणि श्वास रोखून पडून राहिले. त्यानं तीनदा वाजवलं.