दोन बोटं सैल

३ डिसेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघंही गप्प बसतो आणि मधल्यामध्ये आईला निरोपांची हमाली पडते, म्हणून लिहिते आहे. तिच्याकडून कळलं की तुम्ही जुनी सायकल तेलपाणी करून तयार ठेवली आहे आणि एकोणीस जानेवारीला माझ्या खोलीवर सायकलनेच येणार आहात. अंतर बेचाळीस किलोमीटर आहे. तुमचा उजवा गुडघा गारठ्यात धरतो. बस दर तासाला सुटते. हे तिन्ही तुम्हाला माहीत आहे, म्हणून वाद घालत नाही.

यायचंच असेल तर आर्म वॉर्मर आणि नी वॉर्मर लागतील. म्हणजे शर्टाशिवायच्या नुसत्या बाह्या, आणि गुडघ्यावर चढवायच्या तशाच नळ्या. पहाटे निघाल तेव्हा आठ अंश असतील, नऊ वाजता वीस. काढलेला स्वेटर ठेवणार कुठे? या बाह्या खिशात मावतात. दंड, मनगट, गुडघ्याच्या एक वीत वर मांडी आणि पोटरी, चारही घेर सेंटिमीटरमध्ये कळवा. दुकानातल्यासारखे इंचात नकोत.

तुमची कन्या


८ डिसेंबर

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. हमाल केलंच आहेस तर बिल्लाही पाठव, असा तिचा निरोप आहे.

बसमध्ये माणूस बोचक्यासारखा येतो. लेकीची खोली दोन वर्षांनी पहिल्यांदा बघायची, तर आपल्या पायांच्या जोरावर यावं. खरं सांगायचं तर तुझा कोट परत आला तेव्हापासून यायचा धीरच होत नव्हता. नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी शिवला होता. तू सात चुकांची यादी जोडून पाठवलास. चाळीस वर्षं शिंपी आहे, पण मला कुणी मिलिमीटर दाखवले नव्हते. असो. यादी सुबक होती. कोट दुकानात खुंटीवर आहे.

मापं: दंड ३१, मनगट २०, मांडी ४८, पोटरी ३८. फीत मी धरली, आकडे आईने वाचले. म्हणजे शंकेला जागा नाही. नीट निवड. या खेपेला अर्ध्या वाटेतून परतलो तर पुन्हा निघायचा नाही, मी मला ओळखतो.

लोभ असू दे, शिवणीच्या आत सोडलेल्या कापडासारखा. दिसत नाही, पण वाढवायच्या वेळी हाताशी असतो.

तुझा बाबा


१७ डिसेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पाठवलं आहे. तीन जोड्या मागवल्या, दोन परत केल्या. एक लोकरीची होती, घाम आला की वाळेना. दुसरी नुसती उन्हापुरती. ही तिसरी आतून लवदार, बाहेरून गुळगुळीत आहे, आणि गुडघ्याची नळी मुळातच वाकवून शिवली आहे. वरच्या काठाची रबरी पट्टी थेट कातडीला लागली पाहिजे आणि काठ अर्ध्या चड्डीच्या आत गेला पाहिजे. तुमच्या फितीवर माझा विश्वास आहे. तरी मोजण्यातली चूक धरून एक नंबर मोठा घेतला. आधी पुलापर्यंत जाऊन बघा.

कोटाचं लिहिलंत. त्याचं पुढच्या पत्रात लिहीन.

तुमची कन्या


२६ डिसेंबर

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

पुलापर्यंत गेलो. बाह्या मनगटाशी गोळा झाल्या, नळ्या घोट्यावर उतरल्या. दूधवाल्याने पाय कधी मोडला म्हणून चौकशी केली. वारा बोचरा होता, गुडघा धरला, सायकल हातात धरून चालत आलो. आईने दोन्ही चाकांतली हवा सोडून पंप कुठेसा दडवला आहे.

चूक माझी. फीत अंगाला लावली की दोन बोटं आपोआप आत जातात. माणसाला श्वास घेता यावा, पुढेमागे जाड झाला तरी बटण लागावं. आईने आकडे बरोबर वाचले, पण माझ्या बोटांसकट. मशीनवर आत घ्यायला बसलो, तर हे ताणलं जाणारं कापड सुईखाली चुण्या घेतं. तेव्हा बेत रद्द. मनाला लावून घेऊ नकोस. खोलीचा फोटो पाठव म्हणजे झालं.

तुझा बाबा


२ जानेवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोटो पाठवत नाही.

चूक तुमची एकट्याची नाही. दोन बोटं तुम्ही घातलीत, एक नंबर मी. घसरू नये असं कापड अंगापेक्षा थोडं लहानच लागतं. हे मला ठाऊक होतं. तरी मोठं घेतलं, कारण तुम्हाला काचू नये एवढंच डोक्यात होतं.

दुसरी गोष्ट. कारखान्यात यंत्रांचे भाग मोजायची आमची खोली बारा महिने वीस अंशांवर ठेवतात. आठ तास बसलं की हाडं गारठतात. मी विकत घेतलेला कोट मापाला अचूक आहे. त्याखाली स्वेटर जात नाही. दोन हिवाळे कुडकुडते आहे. माझ्या यादीत पहिली नोंद होती, छातीला चाळीस मिलिमीटर जास्त. ती चूक नव्हती. उरलेल्या सहांबद्दल समोरासमोर बोलू.

अठराला संध्याकाळी माझी सायकल घेऊन येते. लहान नंबरांच्या दोन जोड्या आणि फीत आणते. मोजणार मी, तुम्ही हात मागे बांधून उभे राहायचं. आईला म्हणावं पंप काढ, बिल्ला देते. पहाटे दोघं निघू. गुडघा धरला तर थांबू, चोळू, पुन्हा निघू. परतायचं नाही.

कोट खुंटीवरून काढून ठेवा, पण आत घेऊ नका. मी स्वेटर घालून येते आहे.

लोभ आहेच. तो दोन बोटं सैलच राहू द्या.

टाचणी