ते गेल्यावर ढोल नको

ओशोग्बो
१४ नोव्हेंबर १९८७

आयानदेले,

माझ्या पाठच्या भावा, थोरलीचा आशीर्वाद घे. तिकडे सगळे धडधाकट असतील असं धरून चालते. इकडे धुळीचे वारे सुटलेत, ओठ फुटलेत. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकतंय कोण.

कोलादेचे बाबा बरे आहेत. पेज घेतात.

त्यांचा बँड आता कोलादे चालवतो. गिटारी वाढल्यात, शब्द ऐकू येत नाहीत, नुसत्या खिडक्या थरथरतात. लोक म्हणतात, याच्या बापानं गळ्यात अकॉर्डियन अडकवून आपलं जुनं गाणं विजेवर चढवलं आणि सारा देश नाचवला. खरंय. त्यात तुझा ढोल मागच्या रांगेत गेला, हेही खरंय. म्हणून तू काय करावंस? प्रमुखाच्या नातवाच्या बारशाला, भर गर्दीत, तोंड न उघडता, नुसत्या ढोलाच्या चढ-उतारांतून बोललास, 'गळ्यात अकॉर्डियन घातलं म्हणून शेळीचा घोडा होत नाही!' गिटारवाल्यांना कळलं नाही, पण बाजारातल्या बायका पोट धरधरून हसल्या. यांनी तुला हाकललं. तूही फिरून पाहिलं नाहीस. दोघं गाढवं, आणि मधल्यामध्ये माझं भरीत.

बरे आहेत असं वर लिहिलंय ते खोडत नाही, कागद घाण होतो. पण ते मला ओळखत नाहीत. कोलादेला ड्रायव्हर समजतात. स्वतःचं नाव विचारलं तर दाराकडे बघत बसतात. त्यांचीच रेकॉर्ड लावली, तर म्हणाले, "कोण बोंबलतंय ते? बंद करा."

मग कोलादेनं इबादानहून ढोलवाला आणला. घराण्याची बिरुदं ढोलावर ऐकली की माणूस जागा होतो, एवढं त्यालाही ठाऊक. त्या शहाण्यानं दारात उभं राहून कुणाची बिरुदं वाजवावी? शिकाऱ्यांची! आणि हे लोहारांच्या घरातले. यांनी उशीवरून मान उचलली. मला वाटलं, झालं काम. तर म्हणतात कसे, "बाई, त्याला शेजारी पाठवा. मेलेला तिकडे असेल."

मी हसले. मग चुलीपाशी जाऊन बसले.

यांच्या घरची बिरुदं ढोलावर वाजवायला आपल्या बाबांनी तुलाच शिकवलं. मुलीच्या काखेत कोण ढोल देतो? शब्द मला पाठ आहेत. काल त्यांच्या कानाशी बसून तोंडानं म्हटले. ऐकलं सगळं. माझा हात धरला आणि विचारलं, "छान म्हणतेस गं. कुणाची तू?"

आयानदेले, मी कुणाची, एवढं त्यांना एकदा कळू दे. पुढचं पुढे.

माफी मागायला येऊ नकोस, त्यांच्याकडून मागवून घ्यायलाही नको. द्यायला-मागायला इथे कुणी शुद्धीवर नाही. सकाळी ये, दारात उभा राहा, वाजव. नाही जागे झाले तर कंदाच्या पिठाचा गरम अमाला खा आणि परत जा, मी बोल लावणार नाही.

ते गेल्यावर साऱ्या मुलखाचे ढोल येतील, रीतच आहे. त्या दिवशी आलास तर तुलाही वाढीन. तुझा ढोल मात्र फाटकाबाहेर ठेवावा लागेल.

फार थकले रे.

अजून तरी विधवा न झालेली,
तुझी बहीण
आयानबुन्मी