येलोचा पासवर्ड

१ सप्टेंबर, सोमवार

आले एकदाची जनरल सांतोसला. मार्बेलहून बस सकाळी सातला पोचली. स्टँडवर नाताळची गाणी लागली होती, आमच्याकडे ती सप्टेंबर उजाडल्याबरोबर सुरू होतात. तीच गुणगुणत ट्रायसिकल रिक्षाने कंपनीच्या गेटापर्यंत आले. गेटवरचा शिपाई म्हणाला की एवढ्या खुशीत कामावर येणारं माणूस त्याने इथे पहिल्यांदाच पाहिलं.

ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. खाली ट्यूनाची चार कोल्ड स्टोरेजेस. वास जाता जात नाही, पण माझे वडील कोळी होते, मला तो घरचाच वाटतो. फरशी इतकी गार की एसी लावायची गरज नाही.

आईने फोनवर विचारलं, नेमकं काम काय. तिला सांगितलं की कंपनीत एक मोठी यादी असते, डिरेक्टरी. कुणी काय उघडायचं ते त्या यादीवर ठरतं. तिच्यात माणसांची खाती असतात तशी यंत्रांचीही असतात, वजनकाट्याचं, लेबलं छापणाऱ्या मशीनचं, दारांचं. त्यांना सर्व्हिस अकाउंट म्हणतात. माणसं आपले पासवर्ड बदलतात, यंत्रांचे कुणी बदलत नाही. इथे अशी एकेचाळीस खाती आहेत आणि निम्म्यांचा पासवर्ड नऊ वर्षं तोच. पंधरा तारखेला परदेशी खरेदीदाराचे तपासनीस येणार. त्याआधी सगळे बदलायचे, आणि पुढे दर तीस दिवसांनी आपोआप बदलतील अशी सोय करायची. हे मी एपीआयमधून करणार, म्हणजे माझा प्रोग्रामच डिरेक्टरीला सांगणार की याला नवा पासवर्ड दे, आणि तोच त्या यंत्रालाही नेऊन देणार. दोन्हीकडे एकच शब्द हवा, नाहीतर यंत्र अडून बसतं.

आई म्हणाली, एवढ्याचा पगार देतात?

मॅनेजर सर ऑस्मुंडो गोड बोलतात. माझ्या आधीचा नेस्तोर काबाहुग कतारला गेला म्हणाले, जास्त पगारावर. त्याचीच खुर्ची मला मिळाली आहे. एक चाक डुगडुगतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

पंधरा खाती झाली. सगळी मुकाट्याने वळली.

खालचा मुकादम तेबान भेटायला आला, सगळे त्याला नोंग तेबान म्हणतात, म्हणजे तेबानदादा. साठीचा, कानावर सिगारेट, पण ओढत नाही, डॉक्टरने बंद केली तेव्हापासून नुसती तिथे ठेवतो. मला पहिल्याच वाक्याला 'दाय' म्हणाला, आमच्याकडे घरातल्या मुलीला म्हणतात तसं. माझं जाड जाकीट बघून म्हणाला, अगं, तू ऑफिसात बसणार आहेस की माशांबरोबर निजणार आहेस? दुपारी ट्यूनाचा भाजलेला जबडा आणून दिला. दोघांनी हातांनी फोडून खाल्ला. मग त्याने विचारलं की दारांची खाती पण बदलणार का. म्हटलं, सगळीच. तो उठून हात धुवायला गेला.

४ सप्टेंबर, गुरुवार

चाळीस झाली. एक राहिलं.

त्याचं नाव येलो, आमच्या भाषेत बर्फ. तीन नंबरच्या कोल्ड स्टोरेजच्या दाराचं खातं. सकाळी नवा पासवर्ड दिला. डिरेक्टरीने मान्य केला. अकरा मिनिटांनी बघते तर पुन्हा जुना. माझा प्रोग्राम चुकला असेल म्हणून पुन्हा दिला. अकरा मिनिटं, पुन्हा जुना.

नोंदवही उघडली, म्हणजे डिरेक्टरी स्वतःच ठेवते ती. त्यात बदल करणाऱ्याचं नाव एन. काबाहुग. ते खातं दोन वर्षांपासून बंद आहे. बंद खात्याला काहीही बदलता येत नाही, हे पहिल्या धड्यात शिकवतात.

सर ऑस्मुंडोंना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. येलोपुढे 'अपवाद' लिही आणि सोडून दे, म्हणाले. मी म्हटलं, कारण लिहिल्याशिवाय अपवाद लिहिता येत नाही. ते म्हणाले, मग कारण शोध, तुला त्याच्यासाठीच ठेवलंय.

शोधतेच. एक खातं मला दमवणार म्हणजे काय.

८ सप्टेंबर, सोमवार

शुक्रवारी ट्यूना महोत्सवाची सुट्टी होती. मिरवणूक बघितली, पण डोक्यात येलोच.

आज सहा वेळा बदलला. सहाही वेळा अकरा मिनिटांनी परत. माझाही हट्ट, त्याचाही. सातव्यांदा करण्याआधी शोधलं की हुकूम येतो कुठून. तीन नंबरच्या आतल्या भिंतीवर दाराची पेटी आहे, पडदा आणि बटणं असलेली. हुकूम तिथून येतात.

खाली गेले. नोंग तेबान म्हणाला की तीन नंबर दोन वर्षं बंद आहे, गार करणारं मशीनसुद्धा काढून नेलंय. दाराबाहेरचा तापमानाचा काटा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. उणे अठ्ठावीस. त्यानेही पाहिला आणि टोपी काढली.

वर आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. माझ्या खुर्चीखालच्या फरशीवर पांढरं दव गोठलं होतं. बोटाने रेघ ओढली. खरंच बर्फ होता.

घाबरले. लिहिते ते खरं लिहिते. पण खुर्ची हलवली नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

नोंग तेबानने सांगितलं. कँटीनच्या मागे, उन्हात उभं राहून.

नेस्तोर कतारला गेला नाही. तेव्हाही तपासणी तोंडावर होती. येलोचा पासवर्ड डिरेक्टरीत आणि पेटीत एकाच वेळी बदलायला हवा होता. पेटी आत, म्हणून नेस्तोर आत गेला. ठरलं असं होतं की तो बाहेर येऊन सांगेल, मगच वरचं बटण दाबायचं. सर ऑस्मुंडोंना घाई. त्यांनी आधीच दाबलं. डिरेक्टरीत नवा शब्द, पेटीत जुना, दार अडलं. आतली कडी तीन महिने मोडकी होती. भिंती एवढ्या जाड की फोन लागत नाही.

नेस्तोरने पेटीवरून डिरेक्टरीत जुना शब्द परत घातला. बोटं गोठलेली, अकरा मिनिटं लागली. दार दर पंधरा मिनिटांनी डिरेक्टरीला विचारतं. चार मिनिटं थांबायचं होतं फक्त. पण वर सर ऑस्मुंडोंना दिसलं की नेस्तोर आपलं काम उलटं करतोय. हट्टीपणा करतो, म्हणाले, आणि पुन्हा बदलला. त्याने पुन्हा परत घातला. असं नऊ वेळा. शेवटी त्यांनी त्याचं खातंच बंद करून टाकलं आणि जेवायला गेले.

कंपनीने लिहून दिलं की तो दारू पिऊन विनापरवानगी आत गेला. त्याची बायको लोर्ना पोलोमोलोकला असते. तिच्या हातात तेवढाच कागद आहे.

मी विचारलं, तुम्ही का बोलला नाहीत. नोंग तेबान म्हणाला, "दाय, माझे चार जण या गेटातून आत येतात कामाला." आणि रडला.

सहा वेळा. काल मी सहा वेळा बदलला. आणि गुरुवारी दोनदा.

१० सप्टेंबर, बुधवार

सर ऑस्मुंडोंच्या केबिनमध्ये गेले. दार लावलं नाही, मुद्दाम.

त्यांना सांगितलं की मी अपवादही लिहिणार नाही आणि पासवर्डही बदलणार नाही. जुनी नोंदवही अजून शाबूत आहे, नऊ बदल, नऊ वेळा, कुणाच्या नावाने ते सगळं. तपासनिसांना तीच देणार. लोर्नाला पत्र आज सकाळीच टाकलं आहे.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तू नवीन आहेस, दुल्से. नवीन माणसाने एवढं बोलायचं नसतं."

"आणि जुन्या माणसाने बटण दाबायचं नसतं, सर."

बाहेरचे टाइप करणारे हात थांबले होते.

परत आले तर टेबलाखालचा बर्फ माझ्या बुटांपर्यंत आला होता. पाय मागे घेतले नाहीत.

११ सप्टेंबर, गुरुवार

प्रत्येक खात्याला शेरा लिहायची एक रिकामी ओळ असते. येलोच्या ओळीत मी लिहिलं: नेस्तोर, मला ठाऊक नव्हतं. माफ कर. लोर्नाला सगळं कळवलं आहे.

अकरा मिनिटं त्या ओळीकडे बघत बसले. मग माझी अक्षरं गेली आणि तिथे आलं:

गार आहे

एवढंच. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी घेतलं. पाणी कोमट होतं, तरी दात वाजत होते.

परत येऊन लिहिलं: मी इथेच आहे. उठणार नाही.

नोकरी गेली तरी चालेल. त्या ओळीपुढून हलणार नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळ साडेनऊ

सर ऑस्मुंडो आज आल्याआल्या खाली गेले. तपासनिसांना दाखवायला येलो बदललेला हवा. स्वतः करतो म्हणाले, पेटीत आणि डिरेक्टरीत, दोन्हीकडे, स्वतः बनवलेला शब्द. मला सांगणार नाहीत. माझ्यावर विश्वास नाही असं सगळ्यांसमोर म्हणाले.

मी सांगितलं, आत जाऊ नका. तो अकरा मिनिटांनी डिरेक्टरीत जुना शब्द घालतो. पेटीत तुमचा नवा असेल. दार अडेल.

हसले. म्हणाले, मेलेली माणसं टाइप करत नाहीत.

नोंग तेबानने दारात लाकडी ठोकळा अडकवलाय. त्यालाही मी दाराशीच उभं केलंय.

दहा वाजून पाच

नोंग तेबानचा फोन आला. ठोकळ्याचे दोन तुकडे झाले. दार लागलं. सर आत.

नोंदवही बघितली. डिरेक्टरीत नऊ सत्तेचाळीसला सरांचा शब्द. नऊ अठ्ठावन्नला एन. काबाहुग, जुना शब्द. दहाला दाराने विचारलं असणार.

तो सूड घेत नाहीये. तो अजून स्वतःला सोडवतोय. तेच करतोय जे तेव्हा केलं. आणि आज त्यानेच दार —

दहा वीस

गॅस कटर आणला होता, पण भिंतीत अमोनियाचे पाइप, चालवता येत नाही. अग्निशमनवाले निघालेत म्हणे, वाटेत आहेत. नोंग तेबान पहारीने दार ठोकतोय. वर ऐकू येतं.

सरांनी पेटीत घातलेला शब्द मला कळला तर तोच डिरेक्टरीत घालते, दार उघडेल. पण तो फक्त त्यांना ठाऊक. फोन लागत नाही.

एकाने सुचवलं, काबाहुगचं खातं पुन्हा बंद कर, पुसूनच टाक. ते तर बंदच आहे. आणि असतं चालू तरी ते मी करणार नाही. ते एकदा झालंय. माझ्या हाताने नाही होणार.

दहा बत्तीस

शेऱ्याच्या ओळीत लिहिलं: नेस्तोर, थांब. काही बदलू नकोस.

उत्तर आलं. अकरा मिनिटं नाही लागली. लगेच.

इथे कोण आहे

बर्फ टेबलाच्या पायांवर चढलाय. बाकीचे ऑफिसबाहेर गेले. मी एकटी.

मी लिहिलं: ऑस्मुंडो. त्याला पेटीतला शब्द विचार. मला सांग.

काही नाही.

काही नाही —

दहा एकेचाळीस

ओळ बदलली.

का सांगू

बोटं नीट वळत नाहीत. पेन धरवत नाही. पण लिहिणार.

मी लिहिलं: मी कुणालाही आत मरू देणार नाही. तेव्हा मी असते तर तुलाही नाही. त्यालाही नाही. तू कितीही रागाव. मी उठत नाही.

आणि लिहिलं: तू तो नाहीस, नेस्तोर.

दहा शेहेचाळीस

खाली ठोकणं चालू. आतून आवाज नाही म्हणतात.

मी वाट बघतेय. श्वास दिसतोय, पांढरा. खिडकीत ऊन —

अक्षर आलं. एक.

खोडून जाईल म्हणून इथे लिहून घेतेय. एस.

दुसरं. ए.

थांबलं.

थांबू नकोस. सांग —

एल. व्ही.

तो सांगतोय. एकेक. हळू. त्यालाही हात वळत नसतील. ए. सी. चार आकडे. शून्य, नऊ, एक —

शेवटचा येत नाही —

मी त्याच्याशी बोलतेय, मोठ्याने, वेड्यासारखी. शेवटचा, नेस्तोर, एकच राहिला, मग तूही चल बाहेर —

आला. पाच.

घातला. डिरेक्टरीने घेतला. पेटी आता कधी विचारेल — सव्वा, साडे, पावणे — आता पावणेअकरा होऊन गेले, पुढचं अकराला. अकराला दोन मिनिटं. तोवर त्याने काही बदलायचं नाही. थांब. तेव्हा चार मिनिटं कुणी थांबलं नाही, आता दोनच मिनिटं तू —

नोंदवहीत त्याचं नाव नाही. अजून नाही. अजून —

अकरा. नोंग तेबान खालून हाक मारतोय, दाय, दार उघडलं —