पलीकडून दोन ठोके

१७ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

चि. भोंगा यास आशीर्वाद.

तुझा कार्यक्रम बंद होतो आहे असं परवाच्या भागात ऐकलं, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. एरवी मी लिहिलं नसतं. बावीस वर्षं लिहिलं नाही, तसंच पुढेही चाललं असतं.

तू आता पन्नाशी ओलांडली असशील. ऐकणारे तुला भारदस्त नावाने ओळखतात, तेही कळलं. पण माझ्या हातून दुसरं नाव उतरत नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास आणि तुझ्या दादांनी ओळख करून दिली होती, "हा आमचा भोंगा. बटण सापडत नाही, त्यामुळे बंद करता येत नाही."

मी बरी आहे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. पाण्याच्या प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर आता एक यंत्र बसवलं आहे, ते माझ्यापेक्षा कमी बोलतं म्हणून सगळे खूश आहेत म्हणे. दादांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानाचा पुढचा भाग एका शिंप्याला दिला. मागची खोली तशीच आहे. मधली फळ्यांची भिंतसुद्धा.

दादांना गेल्या वर्षी मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हे तुला कुणी कळवलं नसणार. कळवायचं काम माझं होतं.

त्यांना समजतं किती, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. डोळे उघडे असतात. भरवलं की खातात. हो किंवा नाही असं काही विचारलं तर चेहऱ्यावर काही उमटत नाही. आठवड्यातून दोनदा एक मुलगी येते, बोलणं परत यावं म्हणून सराव करून घ्यायला. आम्ही तिला मास्तरीण म्हणतो. आम्ही म्हणजे मीच. घरात म्हणणारं दुसरं कोणी नाही.

मास्तरीण या मार्चमध्ये एकदा म्हणाली, "काकू, घर फार शांत आहे तुमचं. कानावर आवाज पडू देत. काकांना काय आवडायचं?"

"रेडिओ."

"मग पॉडकास्ट लावा."

"ते काय असतं?"

"रेडिओच. पण तुम्ही म्हणाल तेव्हा, तुम्ही म्हणाल त्या विषयावर बोलतो. थांब म्हटलं की थांबतो."

"म्हणजे माणसापेक्षा गुणी," मी म्हटलं.

तिने फोनवर लावून दिलं आणि मी कामाला लागले. माझी रीत तुला माहीत आहे. एक वही घातली. तारीख, कार्यक्रम, किती मिनिटं, आणि शेवटचा रकाना निरीक्षणाचा. त्यांना कशाने जाग येईल हे कळत नव्हतं, म्हणून मिळेल ते लावायचं ठरवलं. एक बाई समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या आंधळ्या माशांबद्दल बोलते. निवृत्त न्यायाधीश आपले चुकलेले निकाल सांगतो, तो मला फार आवडला. दोन बहिणी एकमेकींचं बोलणं तोडत बुद्धिबळ शिकवतात. पूल कसे बांधतात, मुंग्या मेलेल्या मुंग्यांचं काय करतात, माणसाला स्वतःला गुदगुल्या का करता येत नाहीत. एक गृहस्थ तासभर काहीच बोलत नाही, फक्त आपल्या घरातला फ्रिज ऐकवतो. त्याला सात हजार श्रोते आहेत. तो ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की जगात माझ्याइतकी शांत घरं बरीच असावीत.

खरं सांगते, मला नाद लागला. भाजी चिरताना, चादरी बदलताना, त्यांची नखं कापताना कानात कोणीतरी असायचं. कॉलेज सोडल्यानंतर इतकं नवं मी कधी शिकले नव्हते. शिकून कुणाला सांगायचं, हा प्रश्न होताच. त्यांना सांगायचे. "ऐकलंत का, शंभर वर्षांपूर्वी पूल आवाजावरून तपासायचे. तुमच्यासारखंच." वहीच्या शेवटच्या रकान्यात मात्र पान भरून एकच शब्द. नाही. नाही. नाही.

जुलैत मी 'जुनी ध्वनियंत्रं' असं शोधलं आणि तू लागलास.

तुझा आवाज जाड झाला आहे. तरी पहिल्या वाक्याला ओळखला, कारण ते वाक्य मी या घरात हजार वेळा ऐकलं आहे. "एक, दोन, तीन. ऐकू येतंय?" आणि मग मोकळी जागा. मी पुढे एकदा घड्याळ लावून मोजली, चार सेकंद. नंतर तू एका जुन्या शिलाई मशीनचा आवाज ऐकवलास आणि ते चालवणाऱ्या म्हातारीशी बोललास. तुझे श्रोते त्या चार सेकंदांना तुझी शैली समजतात, मी त्यांचे अभिप्राय वाचले.

त्या पहिल्या दिवशी माझे हात पिठाचे होते. बंद करायला धावले ती हात पुसत धावले, म्हणून चार सेकंद उशीर झाला. तेवढ्यात दादांचं डावं बोट पलंगाच्या लाकडी कडेवर दोनदा वाजलं.

मी वहीत लिहिलं: डाव्या तर्जनीची थरथर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. पुन्हा लिहिलं. पंधरा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. मग डॉक्टरांना सांगितलं की बोट थरथरतं. त्यांनी थरथर थांबायचं औषध दिलं, आणि ते लागू पडलं. हात पांघरुणावर ठेवलेल्या मोज्यासारखा पडून राहिला. मी तुझा कार्यक्रम लावणं बंद केलं. त्रास नको, असं मास्तरणीला सांगितलं. कुणाचा त्रास, ते तिने विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी तिने सहज म्हणून वही चाळली. म्हणाली, "काकू, ही थरथर एकाच कार्यक्रमाला कशी येते?"

"योगायोग."

"अकराही वेळा? आणि दरवेळी दोनदाच?" तिने वही माझ्यापुढे धरली. "तुम्ही काय पाहिलंत? बोट दोनदा वाजलं. थरथर हे तुम्ही ठरवलंत."

तीस वर्षं मी प्रयोगशाळेत नव्या मुलांच्या नोंदी फाडून फेकल्या, कारण ती निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान लिहायची. पाणी गढूळ आहे एवढंच लिहा, का आहे ते खाली लिहा. आणि मी स्वतः, माझ्या नवऱ्याच्या बाबतीत, हे केलं.

तिला त्या दोन ठोक्यांचा अर्थ माहीत नव्हता. तिला मी सांगितला. भिंतीपलीकडे तू माइकपाशी, अलीकडे दादा दुरुस्त केलेल्या स्पीकरपाशी, तोंडात कायम चार स्क्रू धरलेले, त्यामुळे बोलायची सोय नाही. स्वच्छ आलं तर फळीवर दोन ठोके. नीट आलं नाही तर एक, म्हणजे पुन्हा बोल. मी दुपारचा डबा घेऊन यायचे तेव्हा तुमचं हेच चाललेलं असायचं. दोन भाऊ दिवसभर भिंतीतून बोलत, आणि जेवताना एकमेकांकडे बघतसुद्धा नसत.

म्हणजे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं लिहायचा विचार होता. पण तू इतकी वर्षं लोकांकडून खरे आवाज मागतो आहेस, तेव्हा ते राहू दे.

औषध थांबवलं आणि तुझा कार्यक्रम पुन्हा लावू लागले. दहा दिवसांनी बोट हललं. पहिला ठोका ऐकू येतो, दुसरा आता बघावा लागतो. डॉक्टर म्हणतात, औषधाचा दोष नाही, आजारच पुढे सरकतो आहे. आणखी एखादा झटका आला तर हाही हात जाईल. कधी, ते त्यांना सांगता येत नाही. कुणालाच काही सांगता येत नाही, या घरात सध्या हेच एक वाक्य चालतं.

मी एक गोष्ट करून पाहिली. मागच्या खोलीतून तुमचा तो चाचणीचा माइक आणला, धूळ पुसून त्यांच्या डाव्या हातात दिला, तर्जनी मोकळी राहील असा, आणि समोर बसून म्हटलं, "एक, दोन, तीन. ऐकू येतंय?"

एक ठोका.

मी पुन्हा म्हटलं. मोठ्याने, सावकाश, शब्द सुटे करून. माझे उच्चार चांगले आहेत, तुला मीच शिकवले. एक ठोका. पुन्हा. एक ठोका. नऊ वेळा म्हटलं, भोंग्या. नंतर मी उठले आणि दूध तापवायला ठेवलं.

मग परवाचा भाग. तू म्हणालास, "एकशे चौदा भागांत दरवेळी विचारलं. पलीकडून काही आलं नाही. वाट बघायची एक सवय होते, ती आता मोडतो. माइक ठेवतो." तू हे म्हणालास तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर येऊन दहा मिनिटं झाली होती. मी पाहिलं. दुसऱ्या ठोक्याला बोट लाकडापर्यंत पोचलं नाही, पण त्यांनी दिला.

फोन करून पाहिला नाही असं नाही. मास्तरणीने तुझा नंबर मिळवला. गेल्या गुरुवारी तू दोनदा "हॅलो" म्हणालास आणि मी ठेवून दिला. चार सेकंदसुद्धा झाले नसतील.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

सासूबाई गेल्या तेव्हा तू कुठल्या तरी गावात आवाज गोळा करत फिरत होतास. तिसऱ्या दिवशी दारात आलास. मी त्यांचं आठ महिने एकटीने केलं होतं आणि मला झोप नव्हती. तुला मी उंबऱ्यावरच म्हटलं, "दादांना तुझं तोंड बघायचं नाही."

ते त्यांनी म्हटलं नव्हतं. ते मागच्या खोलीत बसून होते. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "भोंग्या आला होता का? आवाज आल्यासारखा वाटला."

मी म्हटलं, "आला आणि गेला. थांबायला वेळ नाही म्हणाला."

तुझ्या दादांचा स्वभाव तुला ठाऊक आहे, गेलेल्याला हाक मारणाऱ्यांतले ते नाहीत. पण दुकान बंद होईपर्यंत त्यांनी तुझ्या जागी कुणाला ठेवलं नाही. माइक स्वतःच चालू करून यायचे, पुढे येऊन ऐकायचे, पुन्हा मागे जायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, चालण्याचा व्यायाम होतो. मी ते रोज बघत होते. एका वाक्याने थांबलं असतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायची वेळ अशी गेली की आता सांगितलं तर त्यांना कळेल की नाही, तेच मला कळत नाही. मी पलंगापाशी बसून दोनदा सांगितलं. बोट हललं नाही. एकही ठोका नाही. पुन्हा बोल, असंसुद्धा नाही.

दुसऱ्या वर्षी तुझं पत्र आलं होतं, त्यांच्या नावाचं. ते दिलं नाही. फोडलंही नाही. ते परत पाठवते आहे. त्यांना वाचून दाखवायचं माझ्या मनात आलं होतं, पण माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे वर लिहिलंच आहे. ते तू येऊन वाच.

मला क्षमा वगैरे करू नकोस. तेवढा वेळ नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर मी स्वयंपाकघरात थांबेन, दार ओढून. प्रवास जमत नसेल तर फोन कर, मी उचलून त्यांच्या उशाशी ठेवेन आणि बाजूला होईन. पण शक्य असेल तर ये. पलीकडच्या खोलीत उभा राहा आणि विचार. या वेळी चार सेकंदांपेक्षा जास्त थांबावं लागेल. त्यांना बोट उचलायला वेळ लागतो.

मास्तरीण बुधवारी कामासाठी तुझ्या शहरात येते आहे. ती हे पुडकं तुझ्या हातात देईल. उत्तर तिच्याजवळ द्यायची गरज नाही. दाराची घंटा बिघडली आहे, फळीवर वाजव.

तुझी,
वहिनी (हे म्हणायचा हक्क राहिला असेल तर)

मास्तरणीच्या हाती सुपूर्द, सोमवार, दुपारी बारा वाजता:

पत्र, हे, एक.
पत्र, तुझं, वीस वर्षांपूर्वीचं, न फोडलेलं, एक.
निरीक्षणाची वही, एक. 'थरथर' हा शब्द अकरा ठिकाणी खोडून 'दोन ठोके' केला आहे, प्रत्येक ठिकाणी सही केली आहे.
घराची किल्ली, एक.
चाचणीचा माइक पाठवायचा होता. पाठवला नाही. तो त्यांच्या हातात आहे आणि सोडवता आला नाही.