अकरा तारखेची जागा

३ फेब्रुवारी

ति. भावजींस,
शि. सा. न. वि. वि.

दर महिन्याला पाठवता ते नाकाचे थेंब आता पाठवू नका. ह्यांना सर्दी नाही. तुमचे धाकटे बंधू दोन वर्षं नाकाने कोकेन ओढताहेत. गप्प बसून काय होणार! हॉटेलातला एवढा नावाजलेला आचारी, आणि रविवारी घरी दूध करपून कोळसा झालं तरी शेजारी उभ्या माणसाला वास नाही. तिथेच मी धरलं. आधी अंगावर आले, मग लहान मुलासारखे रडले. सलग दोन पाळ्या उभं राहता यावं म्हणून सुरू केलं म्हणे.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे, नालायकपणा नव्हे. यावर गोळी नाही. दाखल व्हायचं, रोज बोलायचं, गटात बसायचं, महिनोन्महिने. हृदयावर ताण आहे, उशीर नको. आणि माणूस हो म्हणेल तेव्हाच आणा, तो होकार फार टिकत नाही.

हे हो म्हणालेत. अकरा तारखेला जागा आहे. तुमचा शब्द त्यांना वडिलांच्या ठिकाणी, दोन ओळी लिहा.

आपली,
धाकटी

७ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि दुकानाचं शटर ओढून आत बसलो. तीस वर्षं औषधं विकतो, आणि सख्ख्या भावाचं नाक चोंदलंय एवढंच मला कळलं! गोळी नाही म्हणजे काय? नाव कळव, कुठूनही मागवतो.

एक मागणं आहे. आमच्या चिमीचं लग्न दोन मार्चला. काका दिसला नाही तर व्याही विचारणार, आणि आपल्याकडे तोंड बंद ठेवणारं माणूस आहे का एक तरी? झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन आठवडे कळ काढ. लग्न उरकलं की मीच त्याला हाताला धरून नेईन. हे पत्र त्याला दाखव, धीर येईल.

जिवाला जप.

तुझा,
भावजी

२८ मार्च

ति. भावजींस,
शि. सा. न.

तुम्ही परत गेल्यापासून घर खायला उठतंय. तुमचा दोष नाही असं लिहिणार होते. दोनदा लिहून खोडलं. तुमचं पत्र वाचून ह्यांचा चेहरा खुलला. दादा म्हणतोय ना लग्नानंतर, मग आता कशाला, म्हणाले, आणि भरलेली बॅग रिकामी केली. खरं सांगू? मलाही हायसं वाटलं. लग्नात किती हसत वावरले! सगळे म्हणाले, तब्येत सुधारली. ती तरतरी कुठली, ते मला ठाऊक होतं. आठव्या दिवशी हॉटेलात छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत.

काल केंद्रातून फोन आला. डॉक्टरीणबाईंना कुणी कळवलंच नव्हतं. विचारत होत्या, एक जागा झाली आहे, कधी आणताय? मी म्हटलं, ती दुसऱ्या कुणाला द्या. पण त्याला आजच्या आज बोलवा, घरच्यांचं काही ऐकू नका.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही राहू द्यावेत.

आपली,
धाकटी