सहाव्या मजल्याचा आपत्ती प्रमुख

३ मार्च
सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी हात वर करेना. मी केला. आता सहाव्या मजल्याचा आपत्ती प्रमुख मी! शरीर आणि मन, दोन्ही तयार हवीत. उद्यापासून मला लिफ्ट बंद.

४ मार्च, सकाळी ६.१०
तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसलो. शेजारच्या नर्सबाई (रिटायर्ड) दूध घेऊन वर चालल्या होत्या. जिन्याची पाहणी करतोय म्हणालो. त्यांनी न विचारता माझी नाडी बघितली. आगाऊपणा!

७ मार्च
गुडघा. स्नायूंना विश्रांतीही हवी. म्हणून आता मनाची तयारी: डोळे मिटून धुराची कल्पना करायची, शांत राहायचं. दहा मिनिटं जमलं. बायको म्हणते, चाळीस. आणि घोरत होतो.

१२ मार्च
आईला पाठीवर घेऊन जिना उतरायची रंगीत तालीम. आई म्हणाली, आधी स्वतः नीट उतर. तिच्याऐवजी तिच्या दोन उशा घेतल्या. तत्त्व तेच.

१९ मार्च
मन पोलादी झालंय. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग गीझरवरची पाल हाकल. विषयांतर.

२३ मार्च, रविवार, संध्याकाळी ५
तारीख दोनदा खोडून लिहिली. थकवा असावा.
पावणेतीनला पाचव्या मजल्यावर आग लागली. जिन्यातून जळका वास आला आणि मी "चला!" म्हणालो. बहुतेक म्हणालो. खाली पोचल्यावर कळलं, पायात चप्पल नाही आणि मागे कोणी नाही. एका मिनिटात सहा मजले! सरावाचा फायदा.
मग वर बघितलं. खिडकीतून काळा धूर. जिन्याकडे वळलो, पण पाय उचलेनात. किती वेळ उभा होतो, माहीत नाही.
शेवटी बायको आणि नर्सबाई आईला खुर्चीत बसवून घेऊन आल्या. तिघींच्या तोंडावर ओले टॉवेल. मी ओरडलो, इतका उशीर का?
बायको म्हणाली, "आई निघायलाच तयार नव्हत्या. आधी माझ्या मुलाला शोधा, म्हणत होत्या. बाथरूम बघितलं, गॅलरी बघितली, पलंगाखाली वाकून बघितलं."

२४ मार्च
सोसायटीने नर्सबाईंना प्रमुख केलं. मीच सुचवणार होतो.
आईचा खोकला अजून थांबत नाही. सकाळी मला जवळ बोलावून विचारलं, "तुझ्या नाकातोंडात धूर गेला नाही ना रे?"
नाही म्हणालो.
तिने कपाळावरून हात फिरवला. म्हणाली, "वाचलास बाबा."